काढून टाकलेला प्रश्न

सन्माननीय अध्यक्ष, ज्यांना आपण सारे ‘धूमकेतू’ म्हणून ओळखत होतो आणि जे आज दातांचे डॉक्टर निघाले. व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका. आज निरोप घेणाऱ्या आपल्या विज्ञान चर्चामंचाच्या मॉडरेटर. आणि आजवर फक्त पडद्यावर भेटलेल्या, आता छातीवर टोपणनावाची चिठ्ठी लावून बसलेल्या सभासदांनो,

माझा आवाज घोगरा येतोय. माइकवाल्यांनी कृपया बटणं फिरवू नयेत. दोष माइकचा नाही.

मॉडरेटरबाईंबद्दल चार शब्द बोलायला मला सांगितलं, कारण मी त्यांचा धाकटा भाऊ. खरं तर हीच माझी अपात्रता. आपला मंच वैयक्तिक अनुभवाला पुरावा मानत नाही. आणि निरोपाच्या भाषणात दुसरं असतं काय?

मंचाचे नियम कुठे लिहिलेत, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. बरं. बाकीच्यांसाठी सांगतो : पानाच्या अगदी तळाशी, करड्या अक्षरांत. मला नियम उशिरा सापडले. नियमांना मी लवकर सापडलो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुणीतरी विचारलं होतं, की कोसळत्या लिफ्टमध्ये शेवटच्या क्षणी उडी मारली तर माणूस वाचेल का. मी लिहिलं, ‘आयुष्य लिफ्टमध्ये गेलं, एकही कोसळलेली पाहिली नाही.’ पोस्ट गायब. जागी शेरा : ‘अनुभव आहे, संदर्भ नाही.’

मी ताईला फोन केला. “अगं, मी लिफ्टवाला आहे!”

“म्हणून काय? तू पाहिली नाहीस म्हणजे कोसळतच नाही?”

मी फोन ठेवला.

मग माझ्या मानेला गाठ आली. बायको म्हणाली, “ताईंना दाखवा.” ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिला दाखवलं की ती मला डॉक्टरपुढे नेऊन बसवणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून ती कामावर असताना, भर दुपारी, मी मंचावर प्रश्न टाकला : मानेला गाठ आहे, दुखत नाही, काय करावं?

उत्तरं भराभर आली. एकाने लिहिलं, “माझ्या मेहुण्याला अशीच होती, आपोआप गेली.” किती समंजस माणूस! मी त्याचे आभार लिहायला घेतले आणि पान कोरं झालं. प्रश्न नाही, उत्तरं नाहीत, मेहुणाही नाही.

तेव्हा मी नियम शोधले. पाळायला नव्हे, भांडायला. नियम सापडला : ‘स्वतःच्या आजाराबद्दल सल्ला मागू नये, देऊ नये.’ त्याच्या खालीच तक्रारीची सोय होती. मी तक्रार केली. उत्तर आलं : ‘आपली तक्रार वाचली. निर्णय कायम आहे. आपण डॉक्टरांना भेटावे.’

आपण! जिने मला जन्मात ‘गाढवा’शिवाय हाक मारली नाही, ती!

मी खरमरीत उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात ताई. लॅबचा कोट अंगावरच.

“चप्पल घाल.”

“तू तिथेच सांगायचं ना, कसली गाठ आहे ती.”

“पडद्यावर मला काय दिसतं? चल.”

“अगं, त्या माणसाच्या मेहुण्याची आपोआप...”

“मेहुणा कुणी पाहिलाय? चप्पल घाल, गाढवा.”

दवाखान्यात नंबर येईपर्यंत ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. मला वाटलं, इथेही लोकांच्या पोस्ट उडवतेय. वाकून पाहिलं. काढून टाकलेल्या पोस्ट मॉडरेटरला दिसतात. तिच्यापुढे एकच पोस्ट उघडी होती : मानेला गाठ आहे, दुखत नाही, काय करावं? ती पुन्हा पुन्हा तेवढंच वाचत होती. मी सरळ बसलो.

मित्रहो, ताईने माझा जीव वाचवला, असं वाक्य मी घरून ठरवून आलो होतो. ते बोलता येत नाही. सर्जन काय म्हणाले, ती ऐकीव माहिती. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये, हा नियम. ज्याचा प्रश्न काढला नाही असा दुसरा मी तुलनेला मिळत नाही. तेव्हा फक्त निरीक्षणं नोंदवतो. प्रश्न काढला गेला. गाठ काढली गेली. थोडा आवाज गेला. मी उभा आहे. यांचा संबंध कुणी जोडू नये.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. कमीजास्त बोललो असेन, तर क्षमा मागत नाही. ताई, आजचा दिवस अधिकार तुझ्याकडे आहे. नियमात न बसणारं सगळं काढून टाक. फक्त ‘मी उभा आहे’ एवढं राहू दे. त्याला पुरावा समोर आहे.