ओपलचं पिस्तूल

ते नको ठेवूस खोक्यात, कर्टिस — बघ, हवं तर, पण ते विकायचं नाही. बाकीची सगळी ने, ओवेन्सबरोच्या बंदुकांच्या बाजारात तुझ्या टेबलावर शोभतील. लोरेन म्हणते, बाबा, तुम्ही हल्ली विसरता, घरात एकही हत्यार नको. मी विसरतो म्हणे! एकदा गॅस चालू राहिला, मान्य — कुणाचा राहत नाही? शेवटी लेकीशी भांडून भांडून हे एवढं एक पदरात पाडून घेतलं. माझ्या बायकोचं, ओपलचं.

हसतोस? हस. सगळेच हसायचे — एवढीशी पंचवीस कॅलिबरची गोळी, म्हणे डास मारायला घेतलंत का! बेल्जियमचं आहे, मुठीत धरलं तर दिसत नाही, आणि मूठ घट्ट आवळल्याशिवाय चाप हलत नाही त्याचा. ओपल ते एप्रनच्या खिशात टाकून कोंबड्यांकडे जायची, सापाच्या भीतीनं. आणि साप दिसला की पिस्तूल राहायचं खिशातच, ही आपली ओरडतेय — व्हर्नन, धाव रे! आता कोण हाक मारतंय मला? फार खायला उठलं घर की मी कुंपणावर डबा ठेवतो, दोन गोळ्या उडवतो. परवाच उडवल्या — की गेल्या आठवड्यात? असो. मग गोळ्यांचं मॅगझिन काढून ड्रॉवरमध्ये. हे काय, आहे ना? कॉफी घे, गार होतेय.

काल टेसा आली होती, लोरेनची धाकटी. तिला हे भारी आवडतं. नळीला डोळा लावून बसली — आजोबा, आत काय आहे? म्हटलं, काही नाही गं, अंधार आहे नुसता. हसली. अगदी ओपल हसायची तशी — असं काय बघतोस? रिकामं होतं रे! मी काय नवशिका आहे? मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत नळीत बसून राहते, हे तुला कुणी शिकवलं? मीच ना? देणाऱ्यानं उघडून दाखवायचं, घेणाऱ्यानं पुन्हा उघडून बघायचं, समोर सख्खा बाप असला तरी. आपली रीतच आहे ती. मग बघ की! मला कसला राग येतोय? ओढ वरची स्लाइड मागे, ओढ —

…टेबलाखाली गेली गोळी. नाही, तूच उचल.

टेसाची मूठ लहान आहे, कर्टिस. आवळली गेली नाही, एवढंच. एवढंच झालं फक्त. आणि मी तिला म्हणालो, आत काही नाही.

हेही टाक खोक्यात. नको, पुसू नकोस, तसंच टाक. लोरेन बाहेर पोर्चवर बसलीय — जाताना तिला तूच सांग काय निघालं ते, माझ्याच्यानं नाही व्हायचं. म्हणावं, तुझं बरोबर होतं. जा आता. ऊठ. दार ओढून घे.