भामाबाईंच्या घरात खाट मावेना

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, मृदंगवाल्यांनाही घोटभर पाणी पिऊ द्या. मला एवढंच सांगा — माणूस घर बांधतो ते कुणासाठी? माणसांसाठी? अगदी नक्की? बघा, मागं कुणीतरी हसलं. त्यांच्या घरी माळा आहे वाटतं!

तर ऐका. गडहिंग्लजला एक भामाबाई लाटकर राहायच्या. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा तातोबा, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा. एकुलती एक लेक कांचन, संकेश्वरला दिलेली. बाई मोठी प्रेमळ हो! खोड एकच. घरात आलेली वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही. काही टाकायचं म्हटलं की म्हणायच्या, "असू दे, लागेल कधीतरी."

मधल्या खोलीत काय नव्हतं? श्रीखंडाचे रिकामे डबे — एकशे चाळीस, आणि एकाचंही झाकण दुसऱ्याला सोडा, त्याचं त्यालाही बसत नाही! लग्नपत्रिकांचा गठ्ठा — का? तर वर गणपती छापलाय, टाकायचा कसा? ओटीत आलेले ब्लाऊजपीस. ते शिवत कुणीच नाही. तुमच्याकडून हिच्याकडे, हिच्याकडून तिच्याकडे, आणि चार वर्षांनी तुमचाच तुम्हाला परत! हसू नका बायांनो, मीही काही साव नाही. कीर्तनात मिळालेल्या शाली माझ्या घरी त्रेसष्ट आहेत आणि थंडी आम्हाला एकच वाजते. असो. तर पाहुण्यांसाठी म्हणून गाद्या होत्या अकरा. आणि त्या गाद्यांमुळे पाहुण्याला पाय ठेवायला जागा नव्हती!

झालं काय, कांचनला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन विहीणबाई आल्या. त्या मधल्या खोलीच्या दारातच उभ्या राहिल्या — आत जाणार कुठून? मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी कांचनला घेऊन येते. खोलीत खाट मावली तर ठेवून जाईन. नाही तर त्याच गाडीनं परत नेईन."

लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि आईनं ते लांबून ऐकायचं? छे! भामाबाईंनी पदर खोचला आणि लागल्या आवरायला.

पहिल्या दिवशी बोचकं काढलं जुन्या साड्यांचं. दारात भांडेवाली आली. बारा साड्या दिल्या, घासाघीस केली, तासभर भांडल्या, आणि जिंकल्या! काय मिळालं? हे एवढं पातेलं! साड्या निदान घडी होत होत्या हो, पातेल्याची घडी कोण घालणार? तातोबांनी त्या दिवशीचं आपलं एक वाक्य खर्च केलं. म्हणाले, हे ठेवायचं कुठं?

मग बाईंना सुचलं — हळदीकुंकू! वाण लुटायचं! घरातल्या कोऱ्या वाट्या, डब्या, चमचे, सगळं लुटून टाकलं. एकोणचाळीस बायका आल्या, एकोणचाळीस वस्तू गेल्या. मोकळं वाटलं बाईंना. पण मंडळी, जिला बोलावलं तिच्याकडे जायला नको? पुढचे आठ दिवस भामाबाई रोज संध्याकाळी नटून बाहेर, आणि परत येताना पिशवी भरून. रथसप्तमीला मोजलं तर एकोणचाळीस गेल्या होत्या आणि बेचाळीस आल्या होत्या! चाळण्याच सहा!

दुसऱ्या दिवशी दारात गाडी थांबली. कांचन उतरली, मागून विहीणबाई. लेक हसत हसत खोलीत शिरायला गेली. कपाट आणि गाद्या यांच्यात वीतभर वाट. सरळ जाईना. आडवी वळली, तर पोट अडलं. आधी तिला हसू आलं. मग तिनं पोटावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आई, ह्यात माझी जागा कुठली गं?"

मंडळी, त्या प्रश्नानं भामाबाईंनी पहिल्यांदाच आपल्या खोलीकडे नीट बघितलं. पोरगी बरोबरच विचारत होती. सहा चाळण्यांना जागा होती, तिला नव्हती. बाईंचे डोळे भरून आले, पण त्या रडत बसल्या नाहीत. विहीणबाईंना म्हणाल्या, "मला दुपारपर्यंत वेळ द्या. बसा तुम्ही." विहीणबाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "कुठं बसू?"

आणि मग काय सांगू तुम्हाला! बाईंनी पुढचं दार उघडलं, मागचं दार उघडलं, गल्लीतल्या साऱ्याजणींना हाक मारली. अट एकच — रिकाम्या हातानं यायचं, भरल्या हातानं जायचं, आणि कुणी बदल्यात काही आणलं तर उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही! "लागेल का?" हा प्रश्नच त्यांनी सोडला. वस्तू उचलायची आणि विचारायचं, हिच्या जागी कोण बसेल? गाद्या उचलल्या — इथं कांचनची खाट! नऊ गाद्या दवाखान्यात रुग्णांजवळ बसणाऱ्यांसाठी गेल्या, दोन राहिल्या. पत्रिकांवरचे गणपती कापून बालवाडीला दिले, पोरांनी वहीत चिकटवले. देवही खूश! तातोबांचा मुका रेडिओ बाहेर आला तेव्हा ते कळवळले. लेकीनं नुसतं बघितलं, तर स्वतःच भंगारवाल्याकडे घेऊन गेले. पुरुषहो, बायांना हसत होता ना? बघा, तुमचीही पाळी आली! श्रीखंडाचे डबे नेईना कुणी, तेव्हा विहीणबाईच पदर खोचून पोत्यात भरू लागल्या!

दुपारी तीनला खाट आत आली. वर पाळणा टांगायलाही जागा उरली. विहीणबाईंनी खोलीत एक फेरी मारली, खाटेवर टेकल्या आणि सुनेला सांगितलं, "आता बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत मला तोंड दाखवू नकोस." गाडी एकट्या विहीणबाईंना घेऊन परत गेली.

आता तुमचं बोला! आज घरी जाल, तर सगळं घर उपसू नका, तुमची बायको मला शिव्या देईल. एकच कप्पा काढा. वस्तू हातात घ्या आणि विचारा, हिच्या जागी कोण बसलं असतं? ज्या वस्तूपुढं माणसाचं नाव आठवेल, ती बाहेर. नवं एक आत आलं तर जुनं एक त्याच दिवशी बाहेर. एवढंच. आणि रोज सकाळी हात जोडून म्हणता ना, देवा, घरी ये? बरं, समजा आज आलाच! दारात उभा आहे, दमून आलाय. त्याला बसवणार कुठं?