कागदात उभा, पाटावर बसलेला

जिते स्टेशनात गाडी लेट होती. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. मी पेपर नुसताच धरून बसलो.

"पेणला आमच्या गोदूबाईच्या कारखान्यात मंडळानं उभा गणपती सांगितला व्हता. कागदावर सह्यासुद्धा झाल्या."

"मंग?"

"डोळे आखून झाल्यावर अध्यक्ष म्हनतो, बसलेला पायजे, नायतर नेनार नाय."

"डोळे आखलेली मूर्ती मोडायची कशी गो?"

"तेच ना. ती मूर्तीला म्हनाली, देवा, मानसं शब्दावरनं फिरली, आता तूच बघ. दार लावून घरी गेली."

"आनि सकाळी?"

"पाटावर मांडी घालून बसलेला. कुठं तडा नाय."

"अगो बाय. आनि अध्यक्ष?"

"तो उभाच. खुर्ची दिली तर म्हनतो, नको, कागदात उभा लिवलाय, कुनीतरी उभं राह्यला पायजे."