आजोबांची उसळी

—नाही, ती खुर्ची नको, ती मागे कलते. ही घे, आणि तू काही बोलण्याआधी माझं ऐक, दादा, कारण 'जेवणाच्या सुट्टीत येऊन जातो' असा तुझा फोन आला तेव्हापासून मी हे कसंबसं पोटात ठेवलंय. आजोबा वाढतायत. हो, तुमचेच आजोबा — ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेला तुमच्या विमा कंपनीत तुम्ही सातजण आजोबा म्हणता, जिच्यावर तू सगळी नोकरी काढलीस, आणि जी माझ्या अहवालात कित्येक वर्षं तळाशी, जवळजवळ समासातच पडून होती — ती यंदा 'सर्वाधिक वाढीची शक्यता' या तक्त्यात चौथी आहे. संध्याकाळी अहवाल बाहेर जातो. तुमचं संचालक मंडळ याच तक्त्यावर डोळे लावून बसलंय, आजोबा त्यात नसतील तर विभाग बंद आणि नवी यंत्रणा विकत, हे वहिनीनं मला सांगितलंय — तू सांगितलं नाहीस, तो भाग वेगळा. तेव्हा आता हसायला हरकत नाही. बरं, नको हसूस. पाणी तरी घे.

हे कसं ठरतं ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. आपल्या घरात तशी पद्धतच नाही. अगदी साधं आहे. प्रोग्राम लिहिताना माणूस अडतो, अडला की चारचौघांत, म्हणजे सार्वजनिक संकेतस्थळांवर, प्रश्न टाकतो — अडला हरी कुठल्या भाषेत कुणाचे पाय धरतो, ते आम्ही मोजतो. जिच्याबद्दल प्रश्न वाढतात ती भाषा वाढणार, असं गृहीत. आता गृहीत म्हणजे गृहीत! ज्याला काम येतं तो विचारत नाही, हे मला कळत नाही असं नाही. तुमच्या खोलीत एखादं काही अडलं तर चहाच्या वेळी शेजारच्याला विचारून मोकळे होता, त्याची नोंद जगात कुठेच होत नाही, म्हणून माझ्या लेखी तुम्ही नव्हताच. पण काहीतरी मोजायला हवं ना? आणि खरं सांगू — हे बाहेर बोलायचं नाही — एकदा मी 'वाढेल' म्हटलं की त्या भाषेचे वर्ग निघतात, वर्गातली मुलं अडतात, अडली की विचारतात, प्रश्न वाढतात आणि मी बरोबर ठरते. लोक म्हणतात बाईंचा अंदाज चुकत नाही. चुकेल कसा? पेरायचं मीच आणि उगवलं की टाळ्याही मलाच.

म्हणून तर आजोबांचा मला इतका आनंद झाला, कळतंय का तुला? त्यांना मी पेरलं नव्हतं. वर्ग नाहीत, जाहिरात नाही, कुठलं संमेलन नाही, आणि प्रश्न दर आठवड्याला वाढतायत. हल्ली सगळेच माणसांऐवजी एआयच्या यंत्राला विचारतात, त्यामुळे बाकी भाषांचे प्रश्न आटत चाललेत, आणि मूळ आकडा लहान असला की टक्के उड्या मारतात — हो, ते मी तळटीपेत लिहिलंय, मी काही नवशिकी नाही — पण ते सोडलं तरी उसळी आहेच. माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, मॅडम, ही काहीतरी गडबड आहे. मी तिला म्हटलं, गडबड म्हणायला पुरावा लागतो, प्रश्न वाचून बघितलेस का? मग मीच वाचले. दादा, असे सुंदर प्रश्न मी वर्षानुवर्षं वाचले नव्हते. एरवी कसे असतात माहितीय? 'चालत नाही, तातडीचं आहे, कृपया मदत करा,' बस, काय चालत नाही ते लिहायची शुद्ध नसते. आणि हे — आधी दिलेलं काय, मग हवं असलेलं काय, मधे काय करून पाहिलं, सगळं टप्प्याटप्प्यानं. तू मला गणितं घालायचास ना, 'दिलेलं' आणि 'हवं असलेलं' वेगळं लिहिल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकू द्यायचा नाहीस — अगदी तसं. मला वाटलं, कुठेतरी अजून नीट शिकवणारं कुणी आहे तर.

उत्तरंही लगेच. आणि शनिवार-रविवारी एकही प्रश्न नाही, म्हणजे हौशी लोक नव्हेत, नोकरीतले. तेसुद्धा मी अनुकूल मुद्दा म्हणून लिहिलं. एकजण तर इतका मिश्किल आहे की मी इथे एकटीच हसत बसले — लिहितो, 'आजोबा वाढलेलं सगळं जेवतात, पण दोन दिवस झाले, बाहेर काहीच येत नाही, एरंडेल कुठून द्यावं?' म्हणजे माहिती आत जाते आणि निकाल छापला जात नाही, एवढंच. वाचताना वहिनी सांगते तो तुमच्या खोलीतला मिशाळ्या आठवला मला, जो साहेबांसमोर—

आजोबा.

आजोबा तर तुम्हीच म्हणता. तुमच्या खोलीबाहेर असं कुणी म्हणत नाही.

ती चिठ्ठी ठेव खाली. प्रवेशाची चिठ्ठी, खालच्या पहारेकऱ्यानं दिलेली — किती घड्या घालशील तिला? एवढ्या वर्षांत तू कधी माझ्या ऑफिसची पायरी चढला नाहीस, आज जेवण टाकून आलास, आणि मी आपली अर्धा तास... थांब. काही बोलू नकोस. आधी मी काय म्हणते ते नीट ऐक. मी तुला काहीही विचारलेलं नाही. मला फक्त एक शंका आली आहे, आणि शंका म्हणजे पुरावा नव्हे. नुसत्या शंकेवर मी आजवर तक्त्यातून एकही ओळ काढून टाकलेली नाही, आज का काढू? आणि काढायचीच झाली तर वरपासून काढेन ना! पहिल्या क्रमांकाची भाषा — तिच्यामागची कंपनी प्रश्न विचारणाऱ्यांना टी-शर्ट वाटते, स्पर्धा लावते, पगारी माणसं उत्तरांना बसवते, त्याला आम्ही 'सक्रिय समुदाय' म्हणतो, अहवालात आदरानं लिहितो. तेच सात माणसांनी कामाच्या वेळेतून वेळ काढून, शुद्ध भाषेत, दिलेलं-हवं असलेलं मांडून केलं, की ती लबाडी? ठरवायचं कुणी? मीच ना? मग मी ठरवते. तू पाणी पी, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर ते सांग, इकडचं तिकडचं बोल आणि जा. संध्याकाळी तक्ता आहे तसा जाईल. ज्यांचा विभाग तुटायचाय त्यांचा वाचेल, आणि विम्याचा प्रत्येक दावा ज्या भाषेनं इतकी वर्षं बिनचूक निकाली काढला ती चौथी आली म्हणून काही आकाश कोसळणार नाही. दादा, नको. असा बघू नकोस. तोंड उघडू नकोस, मी सांगतेय ना—

…

हं.

कळलं. नको, कुणी कुठला लिहिला ते सांगू नकोस, मला ओळखू आलेत. मी विचारलं नव्हतं, दादा. मी मुद्दाम विचारलं नव्हतं, एवढं तुला कळत नव्हतं का? शंकेला मी दार लावून घेतलं होतं, त्याची कडी तू काढलीस. आता मला माहीत आहे, आणि माहीत असताना मला सही करता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

काय? माझ्यासाठी? उद्या कुणाच्या लक्षात आलं तर बहिणीचं नाव जाईल, म्हणून? त्या सहाजणांना काय सांगून आलास मग — काहीच नाही? ते तिकडे जेवतायत, मिशाळ्या पुढचा प्रश्न रचत असेल, आणि तू...

नाही, त्यांना मी फोन करणार नाही. वहिनीलाही नाही. ते तुझं तू कर. ऊठ आता, तुझी सुट्टी संपत आली. मला त्या ओळीवर रेघ मारायची आहे, आणि ते करताना तू इथे बसलेला मला नकोयस. जिना नको उतरूस, लिफ्ट डावीकडे आहे. जा ना, दादा. दार लावून घे.