चंडिकेश्वरासमोरची टाळी

तिरुमणल्लूर पोलीस ठाणे, जि. तंजावर
दि. ११ नोव्हेंबर २०२३

नाव: वै. तिरुनावुक्करसु. वय: ७८ वर्षे. व्यवसाय: निवृत्त तमिळ शिक्षक. राहणार: सन्निधी गल्ली, तिरुमणल्लूर.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, देवस्थानचे कार्यकारी अधिकारी श्री. तंगवेल यांची चंडिकेश्वराच्या समईच्या चोरीबद्दलची कालची फिर्याद मला वाचून दाखवण्यात आली. श्री. तंगवेल घटनेच्या वेळी देवळात नव्हते. चेन्नईहून शिलालेख पाहण्यासाठी आलेल्या एका गृहस्थांनी जे सांगितले, ते त्यांनी लिहिले आहे. 'वाद्यार नेहमीप्रमाणे पत्नीसह आले', असे तीत म्हटले आहे. वाद्यार, म्हणजे मास्तर, गावात मला म्हणतात. मी एकटा आलो होतो. 'टाळी वाजवून इशारा देण्यात आला', या वाक्याला कर्ता नाही. टाळी मी वाजवली. तो इशारा नव्हता. 'त्यावर पहारेकरी वीरमणी समई गाठोड्यात बांधून बाहेर आला', हेही खरे नाही. गाठोड्यात निर्माल्य होते. तळ्याकाठच्या खड्ड्यात ते माझ्यादेखत रिकामे करण्यात आले.

काल प्रदोष होता. शिवाचे दर्शन घेऊन मी प्रदक्षिणेत चंडिकेश्वरासमोर थांबलो. शिवाच्या मालमत्तेची राखण त्याच्याकडे आहे. म्हणून परतताना प्रत्येकाने त्याला रिकामे हात दाखवायचे असतात. तो बहिरा आहे, असे समजून लोक टाळ्या वाजवतात. हे अज्ञान आहे. 'टाळी वाजवू नये, तळवे दाखवावेत', या तिथल्या पाटीवरचा मजकूर माझा आहे.

यावर हवालदार पोन्नी म्हणाल्या, "अय्या, टाळीवरून तुम्ही अख्ख्या गावाला झापलंत. शाळेत असताना मलाही. आणि आता म्हणता, देवासाठी वाजवली. कोण ऐकून घेईल हे?"

कोठडीतून वीरमणी म्हणाला, "अय्या, तो कर्ता का काय तो मागाहून शोधा. आधी मला बाहेर काढा. उद्या पहाटे पोरांना तेल कोण लावणार?"

उद्या दीपावली आहे. त्याची मुले लहान आहेत. माझ्या टाळीचा खुलासा झाल्याशिवाय त्याला सोडता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. सबब पुढील खुलासा करतो.

माझी पत्नी तैयलनायकी टाळी वाजवत असे. मी दर वेळी तिला अडवत असे. ती म्हणे, "अहो, तो तुमचा वर्ग नाही, गप्प बसवायला. तुम्ही हात दाखवा, मी आवाज देते. दोघांचं मिळून एकाचं होईल." तिच्या हातात काचेच्या बांगड्या असत.

तिच्या पश्चात मी प्रत्येक प्रदोषाला जात आलो आहे. नियमाप्रमाणे फक्त तळवे दाखवत आलो आहे. काल तळवे दाखवून झाले, पण पाऊल निघेना. मागे कोणी नव्हते. मग मी टाळी वाजवली. ती बरोबर वाजली नाही. पुन्हा वाजवली. तेव्हाच मागच्या दाराने वीरमणी बाहेर आला. तो म्हणाला, "अय्या, मला वाटलं अम्मा आल्या."

आम्ही दोघे तळ्यापर्यंत गेलो.

पाटीवरचा मजकूर मला आजही मान्य आहे.

समईविषयी मी एवढेच सांगू शकतो की, मी दर सोमवारी देवळात जातो. चंडिकेश्वराची समई एका सोमवारी तेवत होती. पुढच्या सोमवारी तिथे तेलाचा डाग तेवढा होता. मी कार्यालयात जाऊन ते तोंडी कळवले. कारकून म्हणाले, "बघू, वाद्यार." त्या दिवसांत वीरमणी रजा घेऊन सासुरवाडीस गेला होता. तेव्हा समई कोणी नेली, हे मला माहीत नाही. ती त्याने काल नेली नाही, हे माहीत आहे.

फिर्यादीतील तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात:

समई जागेवर शेवटची दिसली: फिर्यादीत १० नोव्हेंबर. योग्य, ३० ऑक्टोबर.
समई नसल्याचे कार्यालयास कळवले: फिर्यादीत उल्लेख नाही. योग्य, ६ नोव्हेंबर.
वीरमणीची रजा: फिर्यादीत 'सतत हजर'. योग्य, ३१ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर.
पत्नीसह दर्शन: फिर्यादीत १० नोव्हेंबर २०२३. योग्य, २५ जुलै २०२२.

हा मजकूर हवालदार पोन्नी यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटची तारीख मी त्यांना पुन्हा वाचायला सांगितली. ती बरोबर आहे.

(सही)
वै. तिरुनावुक्करसु