सीलची नजर

हसणार नसाल तर सांगते. माझी धाकटी नणंद सोनाली नवऱ्याच्या नोकरीपायी स्कॉटलंडला असते. रविवारी तिनं समुद्रावरून व्हिडिओ कॉल केला. "वहिनी, दगडावर कसे सील प्राणी लोळतायत बघ! आता बोटीतून बेटावरचे पक्षी बघायला जाणार."

मला दिसला तो तिच्या कडेवरचा वर्षभराचा लेक पिंटू. "अगं, केवढा वारा तो! कानटोपी कुठंय त्याची?"

बोटीतून उतरल्यावर पुन्हा फोन आला. पिंटू रडायचा थांबेना, दूधही घेईना. सोनाली रडकुंडीला आलेली. "अंगात ताप नाही गं. काय करू?"

"नजर लागली असंल. फोन त्याच्यासमोर धर." मी मीठ-मोहरी मुठीत घेऊन मोबाईलवरून उतरवायला लागले. "आल्यागेल्याची, बोटीतल्याची, त्या सीलची नजर जळो!"

आमचे हे हसले, "अगं, सीलची कशाला लागंल?"

"टक लावून बघत हुतं ते!"

माझी मूठ फिरताना बघत पिंटू हळूहळू गप झाला. आता सोनाली फोन ठेवील असं वाटलं, पण तिनं स्वतःचा चेहरा समोर धरला.

"वहिनी, माझीपण काढ ना."

"तुला काय झालं?"

"काही नाही. इथं कुणी काढत नाही."

मी दुसरी मूठ भरली.