मुकादमाला सुट्टी

बापू, सुरेखाताई, आणि घाटावर जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

आक्कांच्या दहाव्याला चार शब्द बोल, असं घरातले कर्ते म्हणून बापूंनी मला सांगितलं. मी त्यांच्या घरातली नव्हे. नांदेडची, वरच्या खोलीतली भाडेकरू. खरं सांगू का, मला राग आलाय. सांभाळून घ्या.

मघापासून आपण पिंडाकडे बघतोय. कावळा शिवत नाही. तो शिवला नाही म्हणून घरच्यांनी पाणीसुद्धा घेतलेलं नाही. जो तो पुढं होऊन आक्कांना शब्द देतोय. 'जमीन इकणार न्हाई.' 'धाकट्याचं लगीन लावून देऊ.' आणि मी सुरेखाताईकडे बघतेय. आक्कांची लेक, लहानपणापासून इन्सुलिनवर. सकाळी मी विचारलं, सुई घेतली का? म्हणाली, "पोटात काय न्हाई, मग सुई कशाला?"

मंडळी, हेच वाक्य. आक्काही सुईवरच होत्या, आणि त्यांचंही अगदी हेच वाक्य होतं.

मी पिरंगुटच्या एका प्रयोगशाळेत काम करते. पेशी वाढवायच्या, त्यांना इन्सुलिन द्यायचं आणि आत काय बदलतं ते बघायचं. आक्का भाजी निवडता निवडता विचारायच्या, "दिसभर काय करती गं तितं?" मी सांगायचे, आक्का, इन्सुलिन फक्त जेवणातली साखर जिरवायला नसतं. ते पेशीच्या दाराशी येऊन निरोप देतं, आणि तो निरोप आत, पार केंद्रकापर्यंत पोचतो. केंद्रकात जनुकं असतात, म्हणजे पेशीनं काय काय करायचं त्याच्या सूचना. लिव्हरच्या पेशीत साखर तयार करायची जनुकंही असतात, आणि त्यांना कामाला लावणारा एक मुकादम तिथं असतो. इन्सुलिनचा निरोप आला की मुकादम केंद्रकातून बाहेर पडतो, साखरेचं काम मंदावतं. निरोप आलाच नाही, तर तो आत ठाण मांडून बसतो. तुम्ही जेवा, नाहीतर उपाशी राहा.

आक्का खळखळून हसल्या होत्या. "म्हंजे मी उपाशी, अन् माजं लिव्हर आत चूल पेटवून बसलंय व्हय?"

व्हय आक्का, अगदी तसंच.

मग नवरात्र आलं. मी गावी गेले होते. फोन केला तर त्यांचा आवाज खोल गेलेला. उलट्या होत होत्या. विचारलं, सुई? तर म्हणाल्या, "कडक उपास हाय पोरी. पोटात काय न्हाई, मग सुई कशाला? घट बसल्यापासनं मुकादमालाबी सुट्टी."

आक्का, त्याला सुट्टी ती सुईच देत होती! मी ओरडले. बापूंनी तशीच गाडी काढली, दवाखाना गाठला. अन्नाचा कण न खाल्लेल्या बाईची साखर इतकी चढलेली, की यंत्राला मोजता येईना. पुढचं तुम्ही जाणता.

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, ही वेळ हाय का?" दादा, हीच वेळ आहे. सुरेखाताईचे ओठ बघा, कसे सुकलेत. उठताना तिनं खांबाचा आधार घेतला, ते मी पाहिलंय. उपासाला सुईचं माप बदलतं, मान्य. पण ते डॉक्टर बदलतात. तुम्ही-आम्ही नाही, आणि कावळा तर नाहीच.

मला रीत मोडायची नाही. तुमच्यासारखाच मलाही आक्कांना शब्द द्यायचाय. आक्का, तुमच्या लेकीची सुई चुकू देणार नाही. पण हा शब्द मला एकटीला पाळता येणार नाही. बापू, या घरात तुमच्या शब्दापुढं कोणी जात नाही. तुम्ही बोला. नाहीतर नुसते उठा.

...

उठलात. बापू, तुमचे उपकार विसरणार नाही.

सुरेखाताई, जा त्यांच्याबरोबर. सुई माझ्या पिशवीत आहे, गार डब्यात. आधी साखर तपास, मग डॉक्टरांनी सांगितली तेवढी सुई, मग दोन घास आणि पाणी.

मंडळी, दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे. आज घड्याळ बघू नका. ती जेवून परत येईपर्यंत आपण सगळे इथंच गप्प उभे राहू.

आक्का, आता देतोय मुकादमाला सुट्टी.